दुखणे, सोंग आणि साक्ष

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग मात्र आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हटले जाते. या म्हणीचा रोख पैशावर असला, तरी तिच्या पहिल्या अर्ध्या भागात आपल्या सामाजिक व्यवहारातला एक जुना संशय दडलेला आहे. आणता येण्याजोग्या सोंगांत आजाराचे सोंग सर्वांत स्वस्त. त्याला ना वेशभूषा लागते, ना भांडवल. कपाळाला हात लावून बसले की झाले. म्हणूनच एखाद्या सहकाऱ्याचा आजारपणाच्या रजेचा अर्ज येतो आणि 'खरेच बरे नाही की...' हे अर्धवट वाक्य शिक्षकांच्या खोलीत वा कचेरीत उच्चारले जाते, तेव्हा ते पूर्ण करण्याची कोणाला गरज वाटत नाही.

हे अर्धवट वाक्य क्षुल्लक नाही, त्यालाही इतिहास आहे. त्या इतिहासात रणांगणे आहेत, रुग्णालये आहेत, फाशीइतक्याच अंतिम असलेल्या शिक्षा आहेत. प्रस्तुत लेखात त्यातली दोन प्रकरणे थोडी तपशिलात पाहायची आहेत. दोन्हींत संशय एकच होता. पण तो तपासण्याच्या रीती अगदी भिन्न होत्या, आणि निष्कर्षही परस्परविरुद्ध निघाले.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की सोंग ही काल्पनिक वस्तू नव्हे. ग्रीक पुराणकथेतील ओडिसिअसने ट्रॉयच्या युद्धाला जायचे टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेतले. नांगराला विजोड जनावरे जुंपून तो शेतात मीठ पेरू लागला. पालामीडीसने त्याचे तान्हे मूल नांगरापुढे ठेवले. ओडिसिअसने नांगर वळवला आणि सोंग उघडे पडले. ही कथा चतुर परीक्षकाची म्हणून सांगितली जाते. परंतु परीक्षेचे स्वरूप पाहण्यासारखे आहे: शहाणपण सिद्ध करण्यासाठी बापाचे प्रेम पणाला लावले गेले. आणि कथा तेथे संपतही नाही. पुढे ओडिसिअसने कपटाने पालामीडीसचा जीव घेतला. संशय खरा ठरला, तरी ज्यांनी एकत्र लढायचे त्यांच्यातले नाते त्याने कायमचे नासवले.

आपल्याकडचे उदाहरण अधिक ओळखीचे आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर उठणारा काळपट डाग मुक्या मारासारखा दिसतो. खोटी फिर्याद करण्यासाठी त्याचा उपयोग होत असे, आणि न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत तो ओळखण्याच्या खुणा दिलेल्या असतात. बिब्ब्याच्या डागाभोवती बारीक फोड येतात, त्याला खाज सुटते, आणि खाजवल्यामुळे बोटांच्या टोकांवरही तशाच खुणा उमटतात. म्हणजे खोटेपणा सापडतो, पण कसा? तर जवळ जाऊन, रुग्णाचा हात हातात घेऊन, बोटांची टोके पाहून. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवायची आहे.

पहिले प्रकरण १९१४-१५ सालचे. पहिल्या महायुद्धाला तोंड फुटल्यावर सप्टेंबर १९१४च्या अखेरीस हिंदी फौज फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरली आणि ऑक्टोबरपासून खंदकांत लढू लागली. थोड्याच आठवड्यांत सेनाधिकाऱ्यांत कुजबुज सुरू झाली की, हिंदी शिपायांमध्ये हाताच्या, विशेषतः डाव्या हाताच्या, जखमा फार आढळतात. लढाईतून सुटका व्हावी म्हणून शिपाई स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेतात, असा याचा अर्थ लावला गेला. जखमी होऊन बरा झालेल्या शिपायाला पुन्हा आघाडीवर पाठवण्याची पद्धत होती आणि तिच्याविषयी शिपायांच्या मनात खंत होती. संशयाला हेतूही मिळाला, आणि 'नेटिव' माणसाच्या धैर्याविषयीच्या पूर्वग्रहाचा आधार तर आधीपासूनच होता.

हे जखमी शिपाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथे आणले जात. तेथील रॉयल पॅव्हेलियन या घुमटांच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी रुग्णालय उघडले होते. त्याची छायाचित्रे प्रचारासाठी भरपूर वापरली गेली. त्याच गावात एका जुन्या अनाथगृहवजा 'वर्कहाउस'च्या इमारतीत किचनर इंडियन हॉस्पिटल होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कर्नल ब्रूस सेटन हे त्याचे प्रमुख. त्यांनी लढाईत झालेल्या एक हजार जखमांचे विश्लेषण करून अहवाल लिहिला आणि त्यात हा 'स्वतः करून घेतलेल्या जखमां'चा प्रवाद खास तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की त्यांच्यापुढे आलेल्या जखमांत या प्रवादाला आधार सापडत नाही. खंदकातल्या युद्धाचा विचार केला तर हे समजण्यासारखे आहे. खंदकात उभ्या माणसाचे सारे शरीर मातीआड असते. उघडे राहतात ते डोके आणि बंदुकीला पुढून आधार देणारा डावा हात. ज्याच्या डोक्यात गोळी लागली तो बहुधा ब्रायटनपर्यंत पोचतच नसे; ज्याच्या हातात लागली तो पोचे.

येथे दोन गोष्टी नमूद करणे न्यायाचे होईल. एक म्हणजे हा वाद सेटन यांच्या अहवालाने कायमचा मिटला नाही. १९१४च्या शरद ऋतूतील पहिल्या काही आठवड्यांत असे प्रकार खरोखर घडले, असे मत काही इतिहासकारांनी पुढे मांडले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सेटन हे हिंदी शिपायांचे कनवाळू कैवारी वगैरे नव्हते. त्यांच्या रुग्णालयात शिपायांच्या बाहेर फिरण्यावर इतके कडक निर्बंध होते, की त्यांच्याच हाताखालच्या एका हिंदी सब-असिस्टंट सर्जनने त्याच्या निषेधार्थ सेटन यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला होता. अशा माणसाने संशयाविरुद्ध निर्वाळा दिला, याचे मोल त्यामुळेच वाढते. शिपायांवर प्रेम होते म्हणून त्यांनी विश्वास ठेवला नाही. जखमा पाहिल्या म्हणून ठेवला.

सर्वांच्या वाट्याला असा परीक्षक आला नाही. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखात 'शेल शॉक' ही संज्ञा छापून आणली, तरी जखम न दाखवता येणाऱ्या सैनिकाकडे भित्रा म्हणूनच पाहिले जात होते. हॅरी फार हा ब्रिटिश सैनिक १९१५मध्ये याच दुखण्याने काही महिने रुग्णालयात होता. पुढल्या वर्षी आघाडीवर जाण्याचे त्याने नाकारले आणि ऑक्टोबर १९१६मध्ये त्याला भित्रेपणाबद्दल गोळी घालण्यात आली. २००६ साली ब्रिटिश संसदेने फार याच्यासह अशा ३०६ सैनिकांना माफी दिली. नव्वद वर्षांनी.

दुसरे प्रकरण युद्धभूमीवरचे नाही, आणि आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. कारण येथे आजारी पडले ते स्वतः आजाऱ्यांची सेवा करणारेच. लंडनचे रॉयल फ्री हॉस्पिटल हे स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्यात अग्रेसर असलेले रुग्णालय. १३ जुलै १९५५ रोजी तेथील एक निवासी डॉक्टर आणि एक वॉर्ड सिस्टर यांना एका अनोळखी आजाराने दाखल करावे लागले. डोके दुखणे, घसा बसणे, मान आखडणे, स्नायूंत असह्य कळा, हातापायांतले बळ जाणे, आणि थोड्याशा श्रमानेही कोसळून पडावे असा थकवा. ताप मात्र बेताचाच. २५ जुलैपर्यंत सत्तरहून अधिक कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय बंद करावे लागले. ते उघडले ऑक्टोबरात. नोव्हेंबरपर्यंत आजारी कर्मचाऱ्यांची संख्या २९२ झाली. आधीपासून खाटेवर असलेल्या रुग्णांपैकी मात्र फक्त १२ जणांना लागण झाली. कारणीभूत जंतू काही सापडला नाही. पुढल्या वर्षी 'लॅन्सेट'च्या संपादकीयात या आजाराला 'बिनाईन मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस' असे नाव सुचवले गेले. ज्यांचे आयुष्य त्याने अंथरुणाला बांधले त्यांना यातला 'बिनाईन', म्हणजे निरुपद्रवी, हा शब्द कसा वाटला असेल, याची कल्पनाच करावी.

पंधरा वर्षांनी, ३ जानेवारी १९७० रोजी, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कॉलिन मॅकएव्हिडी आणि विल्यम बेअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांचे दोन लेख प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे की, रॉयल फ्रीची साथ ही बहुधा सामूहिक हिस्टेरिया होती. आधारांपैकी एक म्हणजे आजाऱ्यांत स्त्रियांचे मोठे प्रमाण. दुसरा, ताप कमी आणि त्रास फार. मॅकएव्हिडींनी त्यापूर्वी एका मुलींच्या शाळेतील अशाच साथीचा अभ्यास केला होता, तिच्याशी त्यांनी हिची तुलना केली. त्यांच्यापुढे होती ती रुग्णालयाची जुनी टिपणे. त्या २९२ जणांपैकी एकाही व्यक्तीला त्यांनी तपासले नव्हते. हेच मॅकएव्हिडी ऐतिहासिक नकाशांच्या लोकप्रिय पुस्तकांचेही कर्ते होते, हा तपशील साहित्याच्या अभ्यासकांना अर्थपूर्ण वाटावा. दूरवरून, कागदावरून, मोठ्या प्रदेशाचे चित्र रेखाटण्याची विद्या त्यांना चांगली अवगत होती. नकाशात माणसे दिसत नाहीत, हा नकाशाचा दोष नव्हे. पण माणूस आजारी आहे की नाही हे नकाशावरून ठरवू नये.

त्या परिचारिकांची शुश्रूषा केलेले डॉ. मेल्विन रॅमसे यांनी या निष्कर्षाला अखेरपर्यंत विरोध केला. परंतु 'हिस्टेरिया' हा शब्द सुटसुटीत होता आणि तो टिकला. तरुण परिचारिका रुग्णालयाच्या वसतिगृहांत दाटीने राहत, त्यामुळे कोणताही संसर्ग त्यांच्यात आधी पसरणार, ही साधी शक्यता मागे पडली. २०२० साली रोझमेरी अंडरहिल आणि रोझमेरी बेलॉड या डॉक्टरांनी, त्या साथीतून गेलेल्या हयात व्यक्तींशी बोलून, ती संसर्गजन्य शारीरिक व्याधीच असावी असा निष्कर्ष मांडला. २०२१मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने या व्याधीसाठी क्रमाक्रमाने व्यायाम वाढवण्याचा उपचार यापुढे सुचवू नये, असे मार्गदर्शन केले. १९५५ साली विशीत असलेली परिचारिका तोवर पंच्याऐंशी ओलांडून गेलेली होती.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. संशय घेणे हा अपराध नाही. सेटन यांचा अहवालही संशयापोटीच जन्मला. प्रश्न आहे तो संशयाने पुढे काय केले हा. एकीकडे संशय रुग्णाच्या खाटेपर्यंत गेला. दुसरीकडे तो कागदापाशीच थांबला आणि त्याला निष्कर्ष म्हणू लागला.

आता एक अडचण उरते. जखम दिसते, वेदना दिसत नाही. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२६मध्ये आजारपणावर लिहिलेल्या निबंधात, प्रेमाचे वर्णन करायला भाषेत हवे तेवढे शब्द असताना डोकेदुखीपाशी ती मुकी होते, अशा अर्थाची तक्रार केली आहे. एलेन स्कॅरी यांनी १९८५च्या 'द बॉडी इन पेन' या ग्रंथात हाच धागा पुढे नेला: वेदना ज्याची त्याला सर्वांत निश्चित आणि दुसऱ्याला सर्वांत संशयास्पद असते. साहित्याच्या वर्गात आपण अविश्वसनीय निवेदकाची चर्चा उत्साहाने करतो. आजारी माणूस हा असा निवेदक आहे, की ज्याला सत्य सांगतानाही अविश्वसनीय ठरवले जाते. तो सविस्तर बोलला तर पढवलेला वाटतो, थोडक्यात बोलला तर लपवाछपवी करणारा. हसला तर बरा, रडला तर नाटकी.

कचेरीतला संशय मात्र केवळ या ज्ञानमीमांसेतून येत नाही. रजेवर गेलेल्या प्राध्यापकाचे तास कोणीतरी घ्यावे लागतात, पेपर कोणीतरी तपासावे लागतात. १९१४च्या खंदकातही एक माणूस गेला की शेजारच्यावरचा पहारा वाढत असे. तेव्हा रागाचे खरे कारण असते संस्थेने न नेमलेली बदली. तो राग उतरतो अंथरुणावरच्या माणसावर, कारण तो उत्तर द्यायला हजर नसतो. सरकारी रजेच्या नियमांत वैद्यकीय दाखल्याविषयी शंका आल्यास दुसऱ्या डॉक्टरचे मत मागवण्याची सोय आहे. ती कोरडी असली तरी बरी: तिथे शंका लेखी असते, ती कोणीतरी आपल्या सहीने घेतलेली असते आणि तिला उत्तर देता येते. चहाच्या टेबलावरच्या संशयाला ना सही असते, ना मुदत.

मोलिएरचे 'काल्पनिक रुग्ण' या आशयाच्या नावाचे नाटक फेब्रुवारी १६७३मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आले. आजारी नसताना स्वतःला आजारी समजणाऱ्या आर्गांची भूमिका स्वतः मोलिएर करीत होता. प्रत्यक्षात तो दीर्घकाळ छातीच्या विकाराने खंगलेला होता. १७ फेब्रुवारीच्या चौथ्या प्रयोगात त्याला झटका आला. त्याने प्रयोग कसाबसा पुरा केला, आणि त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. आजाराचे सोंग करणाऱ्या पात्राला प्रेक्षक हसत होते, हे योग्यच होते. नाटक हसण्यासाठीच लिहिलेले होते. त्यातला खोकला कोणाचा होता, पात्राचा की नटाचा, हे प्रेक्षागृहातल्या खुर्चीवरून कळण्याचा मार्ग नव्हता. त्यासाठी रंगमंचाच्या मागे जावे लागले असते.