नगरची पहिली मराठी ख्रिस्ती मंडळी

भिंगारहून नगर शहराकडे येतांना वाटेंत भुईकोट किल्ला लागतो. इ. स. १८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें तो जिंकला आणि पुढें भिंगारलगत इंग्रजांची छावणी वसली. छावणीबरोबर गोऱ्या शिपायांचा धर्मही आला. परंतु नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा उगम त्या छावणींत नाहीं.

वेल्समधील कांहीं कुटुंबें १८६५ सालीं पाटागोनियांत वसाहतीस गेलीं, तीं आपली भाषा व उपासना बरोबर घेऊनच. तेथें संस्थापक तेच आणि उपासकही तेच. नगरास तसें घडलें नाहीं. १८३१ च्या डिसेंबरांत ग्रेव्ह्‌ज, हर्व्ही व रीड हे अमेरिकन मिशनरी येथें आले. ख्रिस्ती झालेले बाबाजी नांवाचे ब्राह्मण गृहस्थ त्यांचे सहकारी होते. पुढल्याच वर्षीं हर्व्ही पटकीनें वारले. १८३३ सालीं मंडळी स्थापन झाली आणि त्याच वर्षीं बाबाजीही निवर्तले. आरंभींचे सभासद म्हणजे बहुतेक गरीबखान्यांतील निराधार माणसें. परक्यांनीं लावलेलें हें रोप या मातींत रुजणार कसें, हाच खरा प्रश्न होता.

त्याचें उत्तर मराठी भाषेनें व मराठी माणसांनीं दिलें. १८३९ सालीं हरिपंत खिस्ती यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं ब्राह्मणास याची किंमत घरादाराच्या वियोगानें मोजावी लागे. त्याच वर्षीं मिस सिंथिया फेरार नगरास आल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. १८४२ मध्यें येथेंच ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें. १८५४ सालीं हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि व्यासपीठावर मराठी माणूस उभा राहिला.

गाण्याची उणीव पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं भरून काढली. १८९५ मध्यें ख्रिस्ती झाल्यावर ते नगरास आले. विलायती चालींच्या जोडीस त्यांनीं अभंग आणि कीर्तन आणलें; टाळ-मृदंगास परिचित असलेल्या कानांस ही उपासना आपली वाटूं लागली.

१९२४ सालीं येथील मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळींत सामील झाल्या, आणि ती संयुक्त मंडळी १९७० मध्यें ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्यें विलीन झाली. संस्थापकांचा देश दूर राहिला. प्रार्थना मात्र मराठींतच चालू आहे.