गिधाडांच्या मारेकऱ्याचा शोध

गिधाड या देशातून नाहीसे होईल, असे १९८०च्या दशकात कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते. गावाबाहेर ढोर टाकले की पाहता पाहता हाडांचा सांगाडा उरायचा. वैमानिकांना तर या पक्ष्यांच्या घिरट्यांची धास्तीच असे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी नोंदवली होती. दशकभराने तिथे वीसेक उरली.

संशयित बरेच होते. शेतातली कीटकनाशके, अन्नाची टंचाई, तोडलेली झाडे. पण मेलेल्या ढोरांचा तुटवडा कुठेच नव्हता. शिवाय माना खाली टाकून फांदीवर बसलेले आजारी पक्षी पाहून बहुतेकांचा संशय एखाद्या विषाणूवर होता. हरियाणातल्या पिंजोरला २००१ मध्ये केंद्र उभे राहिले तेही रोगाचा छडा लावण्यासाठीच. निदान विषाणूचे निघाले असते तर सगळी योजना प्रयोगशाळा आणि पिंजऱ्यांभोवतीच आखली गेली असती.

उत्तर सापडले ते पाकिस्तानातल्या पंजाबात. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे फाडून पाहिली. मूत्रपिंडे निकामी झालेली, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर. विषाणू काही हाती लागेना. तेव्हा त्यांनी गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली: पोटातून शरीरात भिनणारे आणि मूत्रपिंडाला घातक असे कोणते औषध जनावरांना दिले जाते? नाव निघाले डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या बैलाला किंवा तापलेल्या गाईला टोचायचे स्वस्त वेदनाशामक. मूत्रपिंडे निकामी झालेल्या तपासलेल्या २५ पक्ष्यांपैकी सगळ्यांत ते सापडले; इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात तर या औषधाला रान मोकळेच होते. इथे म्हातारी गाय अनेकदा उपचार घेत घेतच दगावते, आणि मग उघड्यावर टाकली जाते. हजारातली फार तर आठ शवे विषारी असली तरी एवढा संहार होऊ शकतो, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले. प्रत्यक्षात देशभरातून गोळा केलेल्या १,८४८ शवांच्या नमुन्यांपैकी सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफेनॅक निघाले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली.

मारेकरी कळल्यावर योजनेची दिशाच बदलली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय पुढे आला, पिंजोरला प्रजनन सुरू झाले. २०२४ मध्ये तिथली काही गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली.

पळवाट मात्र दुकानातच होती. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या. त्या ३ मिलीपेक्षा मोठ्या नसाव्यात असा नियम व्हायला २०१५ उजाडले. तोवर डायक्लोफेनॅकची जागा दुसऱ्या वेदनाशामकांनी घेतली होती, आणि त्यांतलीही काही गिधाडांना मारक निघाली. औषध बाजारात येण्याआधीच गिधाडांवरचा त्याचा परिणाम तपासावा, ही साधी गोष्ट परवाना देणाऱ्यांच्या गावीही नव्हती. जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर बंदी आली २०२३ मध्ये, निमेसुलाइडवर २०२४च्या अखेरीस.