मँगोस्टीन : घाई न सोसणारें झाड

कांहीं फळझाडें माणसाच्या मागोमाग बिनबोभाट देशोदेशीं जातात. पेरू, पपई व सीताफळ हीं अमेरिकेंतून भारतांत आलीं आणि येथील परसांत अशीं रुळलीं, कीं तीं परदेशचीं आहेत हें आज मुद्दाम सांगावें लागतें. उलट कांहीं झाडें आपली जन्मभूमि सोडावयास सहसा राजी नसतात. मलाया व त्याच्या भोंवतालचीं बेटें येथील मँगोस्टीन हें त्यांपैकींच एक.

फळ लहान सफरचंदाएवढें. वरची साल जाड व जांभळी. आंत पांढऱ्या, रसाळ, आंबटगोड फोडी. फळाच्या बुडाशीं फुलासारखी एक खूण असते. तिला जितक्या पाकळ्या, तितक्याच फोडी आंत निघतात.

अठराव्या शतकांत डच कंपनीच्या चाकरींतील लॉरां गार्सें या वैद्यानें या झाडाचें वर्णन केलें, आणि 1753 मध्यें लिनीअसनें त्याच्या नांवावरून या कुळास ‘गार्सिनिया’ असें नांव दिलें. 1775 मध्यें जॉन एलिस यानें लंडन येथें एक पुस्तिका छापून हीं झाडें दूरदेशीं कशीं न्यावींत याच्या सूचना खलाशांना केल्या. परंतु सूचनांनीं काम भागण्यासारखें नव्हतें. मँगोस्टीनची बी फळांतून काढून वाळूं दिली, कीं थोड्याच दिवसांत मरते. आणि शिडाच्या जहाजाचा प्रवास तर महिनोगणती चाले. 1833 मध्यें वॉर्डच्या काचपेट्यांतून रोपें समुद्रापार जाऊं लागलीं, तेव्हां मार्ग कांहींसा सुकर झाला. अखेर 1855 मध्यें लंडनजवळील सायन हाउस येथें, ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंड यांच्या काचगृहांत, इंग्लंडांतील पहिलें फळ पिकलें. व्हिक्टोरिया राणीनें या फळासाठीं मोठें बक्षीस लाविलें होतें, अशी आख्यायिका आहे. तिला लेखी आधार मात्र सांपडलेला नाहीं.

जें आरमाराला व संपत्तीला इतकें जड गेलें, तें दक्षिण भारतांतील घरगुती बागांनीं सहज साधलें. निलगिरीच्या पायथ्याशीं कल्लार व बर्लियार येथील सरकारी बागांत हें झाड वाढलें. केरळांत तर तें घरोघरच्या आवारांत शिरलें. बेपूर येथें प्रसिद्ध मल्याळी साहित्यिक वैकम मुहम्मद बशीर (1908–1994) आपल्या अंगणांतील मँगोस्टीनच्या सावलींत आरामखुर्ची टाकून बसत आणि भेटीस येणाऱ्यांचें तेथेंच स्वागत करीत.

कोंकणाला तर हें झाड नात्यानेंच जवळचें आहे; कारण कोकम, म्हणजे रातांबा, हाही गार्सिनियाच. मात्र दोघांच्या स्वभावांत अंतर आहे. कोकमाचीं नर व मादी झाडें वेगळीं. बियांपासून लाविलेलें झाड कोणतें निघालें हें फुलोरा येईपर्यंत कळत नाहीं. मँगोस्टीनची बी परागाविना तयार होते. म्हणून तिच्यापासून आलेलें झाड थेट आईसारखेंच निपजतें. या बाबतींत तें फसवीत नाहीं.

तें परीक्षा पाहतें तें संयमाची. ताजी बी लागलीच रुजवावी. रोपाचें सोटमूळ लांब व बाजूचीं मुळें थोडीं. तें मूळ दुखावलें तर रोप दगावतें. पहिलीं तीन-चार वर्षें केळीसारख्या झाडाची सावली हवी, मुळाशीं पालापाचोळा हवा आणि उन्हाळ्यांत ओल तुटतां कामा नये. पाणी मात्र सांचूं देऊं नये. दमट, उबदार हवा त्याला मानवते; थंडी व कोरडा वारा सोसत नाहीं. म्हणून देशावरच्या बागेपेक्षां कोंकणपट्टींतील परसूच त्याला योग्य. इतकें केल्यावरही पहिलें फळ दिसावयास बहुधा आठ-दहा वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ लागतो.

साठी उलटलेला गृहस्थ हें रोप लावतो, तेव्हां तो हिशेब करतो आणि क्षणभर थबकतो. आळें करणारे हात व फळ फोडणारे हात एकच असतील, याची हमी हें झाड कोणालाही देत नाहीं. तरीही तो रोजचें पाणी घालतो. केरळांतील ज्या जुन्या झाडांचीं फळें आज नातवंडें वेंचतात, तीं झाडेंही अशाच कोणीतरी, स्वतःपुरता हिशेब न पाहतां, लाविलेलीं आहेत.