दिनविशेष : २३ नोव्हेंबर १९६३
अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येस चोवीस तासही लोटले नसताना, त्या वार्तेने सुन्न झालेल्या ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकल्पित मालिकेचा पहिला भाग आज प्रक्षेपित केला. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट आणि लखनौत जन्मलेले दिग्दर्शक वारिस हुसेन (दोघेही तिशीच्या आतले!) यांनी आधी चित्रित केलेला भाग वरिष्ठांस नापसंत झाल्याने तो नव्याने करण्याचा हुकूम सुटला होता. द्रव्यबळ बेताचेच, तथापि मालिकेतील कालयानाचा सुप्रसिद्ध घरघराट ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारेवर किल्ली घासून निर्माण केला, आणि रॉन ग्रेनर यांच्या शीर्षकसंगीतास डेलिया डर्बिशायर यांनी ध्वनिफितीचे तुकडे कापून-जोडून अपूर्व रूप दिले. सहरचनाकार म्हणून डर्बिशायर यांचे नाव लागावे ही खुद्द ग्रेनर यांची इच्छा बीबीसीच्या शिरस्त्यात मात्र बसली नाही.