जीव कधी येतो? : पोथी, सुतक आणि दंडसंहिता

घराण्याची वंशावळ छापायची म्हणून गेल्या वर्षी मी सगळी नावे एका मोठ्या कागदावर मांडली. आई ब्याऐंशी वर्षांची. चष्मा लावून तिने आमच्या पिढीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "पाचच लिहिलीस? तुझ्या आधीचा कुठाय?" तो पाचव्या महिन्यात गेला, हे मी लहानपणी ऐकले होते. म्हटले, "आई, तो जन्मलाच नाही ना." "फिरायला लागला होता," एवढेच ती बोलली.

मी संस्कृतचा पदवीधर नव्हे. नोकरी सांभाळून भाषांतरांच्या आणि कोशांच्या आधाराने वाचत आलेला माणूस. पण त्या एका वाक्यामुळे वर्षभर जुनी पुस्तके उघडून बसलो, आणि पहिले लक्षात आले ते हे, की आपल्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर कधीच नव्हते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुशीतला संयोग म्हणजे गर्भ. म्हणजे जीव पहिल्या क्षणापासून आहेच. गर्भोपनिषद मात्र सातव्या महिन्यात गर्भाचा जीवाशी संयोग सांगते. नवव्या महिन्यात त्याला पूर्वजन्म आठवतात म्हणे. सुश्रुत चौथ्या महिन्यावर थांबतो. हृदय व्यक्त होते, चेतना प्रकटते, आणि म्हणून गर्भिणीला दोन हृदये असलेली म्हणायचे. आपला 'डोहाळे' हा शब्द दोहद-दौहृद या शब्दांशी जोडतात तो इथे. चिंच-आवळ्याची इच्छा आईची नव्हे, आतल्याची. ती मारली तर अपाय त्याला. डोहाळजेवणात झोपाळ्यावर बसलेल्या मुलीला हे कोणी सांगत नाही, पण समजूत तीच आहे.

आधी कोणता अवयव होतो यावरही सुश्रुताने जुन्या आचार्यांची मते दिली आहेत. कोणी डोके म्हणतो, कोणी हृदय, कोणी नाभी, कोणी हातपाय. शेवटी धन्वंतरी सगळ्यांना बाजूला सारतो: सगळे एकदमच होते, कोवळ्या आंब्यात कोय, गर, रेषा असतात पण वेगळ्या दिसत नाहीत तसे. मला हा दाखला फार आवडतो.

धर्मशास्त्राला मात्र वेगळीच चिंता होती. जीव कधी आला, यापेक्षा सुतक किती दिवसांचे? निबंधग्रंथांत येणारे एक स्मृतिवचन सरळ हिशेब मांडते. चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर तो स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, त्यापुढे प्रसूती. स्राव झाला तर अशौच फक्त आईला. पात झाला तर आईला जितके महिने तितके दिवस, आणि बाप वगैरेंना तीन दिवस. थोडक्यात, पाचव्या महिन्यापासून तो घराचा होतो, तोवर एकट्या आईचा.

आता इंग्रजांचे पाहा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३१२: गर्भपात घडवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पण गर्भ पोटात हालू लागला असेल तर सात वर्षांपर्यंत. गंमत अशी, की इंग्लंडने हा भेद १८३७ मध्येच स्वतःच्या कायद्यातून काढून टाकला होता. तिथे टाकलेले इथे ठेवले, आणि ते २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. रोमच्या पोपनेही आकार आलेला आणि न आलेला गर्भ असा शिक्षेतला भेद १८६९ मध्ये सोडला. पण गर्भ हालला की नाही, याचा पहिला साक्षीदार कोण? तीच बाई. आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे स्वतः गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार. म्हणजे शिक्षा वाढवणारी गोष्ट आधी तिलाच ठाऊक. हे मला आजही खटकते.

हे सगळे ज्यांच्या अंगावर आले, त्या बहुतेक पुनर्विवाहाला बंदी असलेल्या विधवा होत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा अशाच एका विधवेचा. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मीला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे अपिलात ती शिक्षा बदलली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. जीव कधी सुरू होतो यावर त्या वाद घालत बसल्या नाहीत. बाप कुठे आहे, हा त्यांचा रोख होता, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. शांतिलाल शहा समिती, १९७१ चा कायदा, वीस आठवड्यांची मर्यादा, २०२१ नंतर काही प्रसंगी चोवीस. वीस आठवडे म्हणजे पुन्हा पाचव्या महिन्याच्या आसपासच.

कागद घेऊन परत आईकडे गेलो. विचारले, "तेव्हा सुतक पाळलं होतं का गं?"

"मी पाच दिवस बाजूला होते. तुझे वडील तीन दिवस घरी होते, चौथ्या दिवशी कामावर गेले."

तिने ना सुश्रुत वाचला होता, ना स्मृती. मी पेन्सिलीने माझ्या नावाच्या वर एक रेघ ओढली. नाव काय लिहू, असे विचारले, तर म्हणाली, "ठेवलंच नव्हतं. पण मी काहीतरी म्हणायचे त्याला." काय, ते सांगितले नाही. वंशावळ अजून छापखान्यात दिलेली नाही.