पर्यटन जहाजांचे पुनरागमन आणि कर्मचारीवर्ग (२०२०–२०२२)

कोविड महामारीनंतर पर्यटन जहाजे पुन्हा समुद्रावर कशी आली, याचा विचार सामान्यतः प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या अंगाने केला जातो. वस्तुतः या इतिहासाचा आरंभ जहाजावरील कर्मचाऱ्यांपासून करावा लागतो.

५ फेब्रुवारी २०२० रोजी जपानमधील योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावर विलगीकरण लागू झाले. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत राहण्याचा आदेश मिळाला. कर्मचारी मात्र सामायिक खोल्यांत राहून त्यांच्या दाराशी जेवण पोहोचवीत होते. आरंभी बाधित आढळलेल्या कर्मचाऱ्यांत बहुतेक जण भोजनव्यवस्थेतीलच होते, यात नवल नाही. जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना लागण झाली. विलगीकरण झाले ते प्रवाशांचे, जहाजाचे नव्हे.

१४ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने पर्यटन जहाजांची वाहतूक थांबविली. प्रवासी घरी गेले. असंख्य कर्मचारी जहाजांवरच अडकले. ‘मरेला डिस्कव्हरी’वरील १४६ भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईत उतरण्यासाठी २३ एप्रिलपर्यंत ताटकळावे लागले. स्वतःच्याच देशाच्या किनाऱ्यासमोरची ही प्रतीक्षा होती.

या अनुभवाची छाया उपरोक्त केंद्राच्या ३० ऑक्टोबर २०२० च्या सशर्त आदेशात स्पष्ट दिसते. प्रथम कर्मचाऱ्यांच्या चाचण्या व प्रयोगशाळेची सोय, नंतर स्वयंसेवकांना घेऊन सराव-सफर, त्यानंतर प्रमाणपत्र आणि अखेरीस प्रवासी, असा त्याचा क्रम होता. योकोहामात ज्यांचा विचार सर्वांत शेवटी झाला, त्यांना नियमांत पहिले स्थान मिळाले. पुढे ९८ टक्के कर्मचारी व ९५ टक्के प्रवासी लसवंत असल्यास सराव-सफरीतून सूट देण्यात आली. फ्लोरिडा राज्याने या निर्बंधांना न्यायालयात आव्हान दिले. हा वाद चालू असतानाच २६ जून २०२१ रोजी ‘सेलिब्रिटी एज’ फ्लोरिडातील पोर्ट एव्हरग्लेड्सहून प्रवाशांसह निघाले. युरोपात मात्र ‘एमएससी ग्रँडिओसा’ने ऑगस्ट २०२० मध्येच जिनोव्हाहून, चाढण्यापूर्वी चाचणी व केवळ आयोजित किनारासहली या अटींवर, सफरी सुरू केल्या होत्या.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्यास आलेल्या एका जहाजावर एक कर्मचारी बाधित आढळला. तेव्हा जहाजावरील सुमारे २,००० जणांची चाचणी करण्यात आली आणि त्यांपैकी ६६ जण बाधित निघाले.