संख्याशास्त्रज्ञ या पेशाची भारतातील घडण

एखादा पेशा केव्हा स्थिर झाला हे ठरविण्यासाठी सामान्यतः दोन खुणा पाहिल्या जातात : त्या पेशास स्वतंत्र नाव मिळणे आणि त्यात प्रवेश करू इच्छिणारासाठी पदवीची अट घातली जाणे. संख्याशास्त्रज्ञाच्या पेशाकडे या दृष्टीने पाहू गेल्यास भारतापुरता क्रम काहीसा विपरीत आढळतो. येथे काम प्रथम आले, नाव त्यामागून आले आणि पदवी सर्वांत शेवटी आली. या क्रमानेच पेशाचे स्वरूप ठरविले, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्याने नावाचा विचार त्यात ओघानेच येईल.

प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) हे मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९१५ साली केंब्रिजहून परतताना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड त्यांनी बरोबर आणले व बोटीवरच ते वाचावयास घेतले. १९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करावे असे त्यांस सुचविले. त्यावरील निबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला. पुढे ‘महालनोबीस-अंतर’ म्हणून ख्यात झालेल्या संकल्पनेचे बीज याच कामात आहे. त्यानंतर बंगाल व ओरिसातील पुरांचे प्रश्न त्यांच्याकडे आले. प्रत्येक वेळी प्रश्न दुसऱ्या शास्त्राचा होता. तो सोडविण्याची पद्धती तेवढी नवी होती. १७ डिसेंबर १९३१ रोजी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली, तेव्हा या विषयाची पदवी देणारे एकही विद्यापीठ भारतात नव्हते.

१९३३ साली संस्थेचे नियतकालिक निघाले व त्यास ‘संख्या’ हे नाव देण्यात आले. त्याचे समर्थन करताना महालनोबीस यांनी या शब्दाचा केवळ ‘आकडा’ हा अर्थ न घेता ‘निश्चित ज्ञान’ हा मूलार्थ पुढे ठेवला. अमरकोशात ‘संख्या’ या शब्दाला विचारणा असाही अर्थ आहे, आणि ‘संख्यावान्’ हा शब्द तर पंडिताच्या पर्यायांत येतो. ‘ख्या’ या धातूचा ‘सांगणे, प्रकट करणे’ हा अर्थ ध्यानात घेतल्यास हे स्वाभाविकच आहे. पुढे हिंदीने ‘सांख्यिकी’ हा शब्द स्वीकारला, तर मराठीत ‘संख्याशास्त्र’ रूढ झाला. तथापि मराठी वाचकाच्या मनात ‘संख्या’ म्हटले की केवळ मोजदाद उभी राहते, आणि संख्याशास्त्रज्ञ म्हणजे आकडेमोड करणारा असा समज होतो. शब्दाचा हा संकोच पेशाच्या आकलनास बाधक ठरला आहे.

या क्षेत्रात माणसे कशी येत याचे उदाहरण म्हणून सी. आर. राव (१९२०–२०२३) यांचा उल्लेख करावयास हवा. आंध्र विद्यापीठातून १९४० साली गणिताची पदवी घेऊन ते सैन्यातील एका जागेच्या मुलाखतीसाठी कलकत्त्यास गेले. ती जागा मिळाली नाही. परंतु तेथेच या संस्थेची माहिती मिळून १ जानेवारी १९४१ रोजी ते प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झाले. कलकत्ता विद्यापीठाने त्याच वर्षी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला व १९४३ साली राव त्यातून एम. ए. झाले.

पेशाची खरी परीक्षा मात्र शेतात झाली. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले आणि परतल्यानंतर कृषिसंशोधन परिषदेत पीक-अंदाजाच्या कामास लागले. आपल्याकडील आणेवारीची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे : चांगले पीक सोळा आणे धरावयाचे आणि चालू हंगामाचे पीक किती आणे, हे महसुली कामगारांनी नजरेने ठरवावयाचे. सारामाफीचा व तहकुबीचा निर्णय याच आकड्यावर अवलंबून असल्याने तो तटस्थ राहणे कठीण होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर तर देशात धान्य किती आहे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. नजरेच्या जागी यदृच्छेने निवडलेल्या शेतातील ठराविक तुकड्याची कापणी व वजन आले, ते या पार्श्वभूमीवर.

तुकडा केवढा असावा, यावर महालनोबीस व सुखात्मे यांचा गाजलेला वाद झाला. महालनोबीस यांच्या मते लहान वर्तुळे घेतल्यास थोड्या खर्चात पुष्कळ ठिकाणी कापणी करता येते. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, लहान तुकड्यात सीमेवरील रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो व उत्पन्न फुगते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट, आणि परीघही साडेबारा फूटच. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट सीमा. याउलट तीस फूट लांब व पंधरा फूट रुंद आयतात हेच प्रमाण पाचव्या हिश्श्यावर येते. दुसऱ्या बाजूस, एकाच प्रदेशाची दोन स्वतंत्र पथकांकडून पाहणी करवून क्षेत्रीय चुका उघड करण्याची महालनोबीस यांची पद्धत तितकीच मोलाची होती. दोघांचेही लक्ष गणितावर होते, तितकेच विळा धरणाऱ्या हातावर होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढचा इतिहास संस्थीकरणाचा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. १९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. १९६१ साली भारतीय संख्याशास्त्र सेवा स्थापन झाली. या सेवेत आज पदवीची अट पुरी करून स्पर्धापरीक्षेने प्रवेश मिळतो. म्हणजे मूळचा क्रम पूर्णपणे उलटला आहे : प्रथम पदवी, मग नाव आणि शेवटी काम. हे अपरिहार्य होते आणि इष्टही होते. परंतु त्यात एक हानी संभवते. आकडा कोणी, कोठे व कोणत्या हेतूने नोंदविला हा प्रश्न पहिल्या पिढीस कामातूनच भेटत असे. आजच्या विद्यार्थ्यापुढे आकडे तक्त्यात मांडलेलेच येतात. हा पेशा पत्करू पाहणाराने तक्त्यापाठीमागच्या शेतापर्यंत एकदा तरी जावे. जनगणनेतील मातृभाषेचे आकडे निःशंकपणे उद्धृत करणाऱ्या आम्हा भाषाभ्यासकांनाही हा धडा तितकाच लागू आहे.